सुगीत जपलेली मान

खळ्यावर मळणी सुरू झाली, की आमच्या गुंद गावच्या हवेत बारीक पिवळी धूळ तरंगायला लागते. बैल मेढीभोवती फिरत असतात, सुपातून भात खाली पडत असतं, आणि वारा त्यातलं तूस उचलून माणसांच्या अंगावर आणून टाकतो. ते सदऱ्यात शिरतं, घामाला चिकटतं, मानेवर बसून टोचत राहतं. सगळं गाव खाजवत असतं आणि खाजवता खाजवता हसत असतं. दिवस कलताना ओढ्यावर जाऊन गार पाण्यात मान बुडवली, की सुगीतलं अर्धं सुख त्या एका बुडीत मिळतं.

या वर्षीही धूळ उठली. माझी मान खाजली, हात वर गेला आणि नेहमीसारखा मधेच थांबला. इतकी वर्षं झाली, तरी हा हात थांबतोच. एका सुगीभर मी एकच वाक्य म्हणत होतो, "खाजवायचं न्हाई, जानकी. नख लावायचं न्हाई." ते वाक्य माझ्याच अंगात कुठंतरी मुरून बसलं आहे.

जानकी माझी बायको. त्या सुगीनंतरच्या वैशाखात ती गेली.

मी गावच्या मराठी शाळेचा मास्तर. शाळा सुटली की शेत, शेत नसलं की शाळा. जानकीला माझ्या शाळेचं फारसं कौतुक नव्हतं, पण सुगीत खळ्यावर ती मला शिकवायची. वारं कुठून येतंय हे तिला नाकावरून कळायचं. सूप डोक्याच्या वर धरून ती उभी राहिली, की तूस एका अंगाला आणि भात एका अंगाला असं पडायचं, जणू आधीच ठरलेलं होतं. "मास्तर, सूप हालवू नका, नुसतं तिरपं करा," ती म्हणायची आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

यमी, आमची एकुलती मुलगी, तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. तिची एक सवय होती. कामावरून आई आली रे आली, की धावत जायचं, गळ्यात हात टाकायचे आणि डाव्या कानाखाली मानेत तोंड खुपसून बसायचं. तिथं काय मिळायचं तिला, कोण जाणे. जानकी तशीच तिला लोंबकळत घेऊन चूल पेटवायची, भाकरी थापायची, पाण्याची घागरसुद्धा उचलायची. आई, म्हणजे माझी आई, ओरडायची, "अगं, खाली ठेव त्या पोरीला, मान मोडंल!" आणि जानकी म्हणायची, "असू दे वो अत्ती, हिचं काय वजन हाय?"

त्याच जागी श्रावणात गाठ लागली. आधी हरभऱ्याएवढी, मग आवळ्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून जानकीनं लावणी संपेपर्यंत सांगितलंच नाही. आईनं पानं बांधली, लेप घातले. सुपा गावच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं, परत एकदा पाहिलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तर, इथं वेळ घालवू नका. रेल्वेनं मोठ्या मिशन दवाखान्यात न्या. तिथं काप घेतात, आणि किरणांचं यंत्रही आलंय."

दसऱ्याच्या सुमाराला आम्ही निघालो. माझ्या भावानं लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत गाडी जुंपली. यमीला आईजवळ ठेवायचं ठरलं होतं. गाडीत बसायच्या आधी तिनं अव्वाच्या, म्हणजे जानकीच्या, गळ्याला मिठी मारली ती सुटेना. शेवटी आईनं एक एक बोट सोडवलं. गाडी जंगलात शिरेपर्यंत जानकीनं मागं वळून पाहिलं नाही. मग म्हणाली, "तिला कोंडाळ्यातलं साचलेलं पानी प्यायला देऊ नका म्हनून अत्तींना सांगायचं ऱ्हायलं."

*

दवाखान्यात आधी काप घेतला. गाठ काढली. जखम भरल्यावर किरणं सुरू झाली. तिथल्या रांगेत बसलेली सगळी माणसं त्याला 'विजेचा शेक' म्हणायची. दवाखान्यामागं नातेवाइकांसाठी खोल्यांची एक रांग होती, त्यात आम्हाला एक मिळाली. रोज सकाळी मी जानकीला त्या अंधाऱ्या खोलीच्या दारापर्यंत पोचवायचो. आत काचेच्या मोठ्या नळीचं यंत्र गुरगुरायचं. तिच्या डोक्यावर, छातीवर शिशाचं जड रबर घालायचे आणि मानेचा तेवढाच तुकडा उघडा ठेवायचे. ती बाहेर आली, की पदराला वीज पडून गेल्यावर येतो तसा वास यायचा.

"लागतंय का गं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"कायच न्हाई. उनबी न्हाई आनि थंडबी न्हाई. नुस्तं रबर तेवढं गार." मग जरा विचार करून म्हणाली, "शेक म्हनत्यात आनि ऊब न्हाई. असला कसला शेक वो?"

त्या बिनऊबेच्या शेकानं काय होतं, ते आम्हाला पुढं कळलं. सलोमीबाई म्हणून तिथल्या नर्सबाई होत्या, मोठ्या आवाजाच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. डॉक्टरांनी जानकीच्या मानेवर शाईनं चौकोन काढला होता. त्याच्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "ही शाई पुसायची नाही. या चौकोनाला पाणी लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, हळद नाही, चंदन नाही. शेकायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. झोपायचं ते उजव्या कुशीवर. अंबाडा वर बांधायचा, केस मानेवर येता कामा नयेत. कातडी लाल होईल, मग काळी पडेल, खाज सुटेल. नख लावलंत तर जखम होईल आणि ती लवकर भरायची नाही." मग म्हणाल्या, "आणि गळ्यातलं काढून ठेवा, बाई."

जानकीचा हात मंगळसूत्रावर गेला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, खाली पाहिलं.

"हे न्हाई निघायचं," ती म्हणाली.

"मणी घासतात. कातडी सोलून निघेल."

"निघू दे."

सलोमीबाई रागावल्या नाहीत. रोज कुणाला तरी त्या हे सांगत असणार. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणून त्या गेल्या. खोलीवर आल्यावर जानकी भिंतीकडं तोंड करून बसली. मी म्हणालो, "मी हितं तुझ्यासमोर बसलोय न्हवं? मग कशाला भितीस?" तिनं मान हलवली. मग स्वतःच्या हातानं ते काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "तुमीच ठेवा," म्हणाली. तिच्या मानेवर काळ्या पोतीची फिकट रेघ उमटलेली होती. लग्नापासून त्या कातडीला ऊन लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सलोमीबाईंनी मला म्हटलं, "मास्तर, हात बघू तुमचे." मी हात पुढं केले. विळ्यानं घट्टे पडलेले, नखांच्या कडा चिरलेल्या. "हे हात मानेला लावायचे नाहीत. नखं काढा, हात धुवा, आणि मऊ कापडाशिवाय तिला शिवू नका. कापडानंही पुसायचं नाही. नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. टेकवायचं आणि उचलायचं."

घरून निघताना आईनं बोचक्यात जुनी कापडं भरून दिली होती. त्यात यमीची तान्हेपणीची दुपटी निघाली. धुऊन धुऊन ती इतकी विरली होती, की हातात घेतली तर वजन कळू नये. ती मी उकळत्या पाण्यात टाकायचो, सावलीत वाळवायचो. दवाखान्यातून पांढरी भुकटी मिळायची, खळीच्या पिठासारखी. ती मानेवर अलगद शिंपडायची, वर दुपट्याचा तुकडा सैल टाकायचा, पदर दुसऱ्या खांद्यावरून घ्यायचा.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पण दिवसाउजेडी मी जानकीची मान कधी पाहिली नव्हती. आमच्याकडं कोण पाहतं? चार माणसांच्या घरात नवरा-बायको एकमेकांकडं पाठ करून बोलतात. आता रोज सकाळी दारातल्या उजेडात तिला बसवून मी ती मान न्याहाळत होतो. कानाच्या पाळीमागं एक तीळ होता, तिला स्वतःलाही ठाऊक नसलेला. मी सांगितल्यावर ती लाजली. "आता हे कुटं बघितलासा?" म्हणाली. त्या खोलीत, त्या दुखण्यात, आम्ही असे काही दिवस काढले, की आठवले म्हणजे मला ते दुःखाचे म्हणवत नाहीत.

मग कातडी बदलायला लागली. आधी उन्हात करपल्यासारखी लाल. मग सावळ्याच्या पलीकडं, तव्यासारखी काळी. मग पापुद्रे सुटले, आणि शेवटच्या दिवसांत कानाखालची वळी ओली झाली, तिथून पाणी झिरपायला लागलं. सलोमीबाईंनी त्यावर जांभळं औषध लावायला दिलं. लावताना जानकी दोन्ही मुठी आवळून धरायची. झाल्यावर आरसा मागायची आणि म्हणायची, "जांभूळ पिकलं बघा." हसली की मान ताणली जायची आणि हसणं अर्ध्यात थांबायचं. म्हणून पुढं ती नुसती डोळ्यांनी हसायला शिकली.

*

मार्गशीर्षात आम्हाला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, शेक संपला तरी कातडीचं दुखणं अजून वाढेल, मग उतरेल. तोवर दवाखान्यातल्यासारखंच जपा. धूळ लागू देऊ नका.

धूळ! गुंदमध्ये मळणी ऐन भरात होती. गाडी पांदीत शिरली तेव्हाच हवेत तूस दिसायला लागलं. मी धोतराचं पान जानकीच्या मानेभोवती धरून बसलो.

यमी अंगणात उभी होती. तिनं गाडी पाहिली आणि "अव्वा!" करून जी धावली ती थेट. जानकी खाली उतरत होती. तिचे हात पुढं झाले होते. मी मधे शिरलो आणि यमीला वरच्यावर उचललं.

"मानेला न्हाई, यमे. अव्वाच्या मानेला हात लावायचा न्हाई. बाऊ हाय."

तिला समजलं नाही. ती माझ्या हातात लाथा झाडत होती, रडत होती. जानकी तिथंच उभी होती, हात तसेच पुढं. मग तिनं ते हळूच खाली घेतले आणि म्हणाली, "येशील हां बाळा, बरं झाल्यावर येशील." यमी रडता रडता एकदम थांबली. तिनं मानेवरचं कापड ओळखलं होतं. "ते माजं हाय," ती म्हणाली.

त्या वर्षी सुगी आमच्या घराच्या दाराबाहेरच राहिली. आतल्या खोलीत जानकी, दार लोटलेलं, खिडकीला ओलं फडकं. बाहेर खळ्यावर बैलांना हाकारे चाललेले, बायकांचं बोलणं, सुपांची सळसळ. ती सगळं ऐकत असायची. आवाजावरून तिला कळायचं. आतूनच ओरडायची, "कोन सूप धरलंय? वारं फिरलंय म्हनावं, त्वांड फिरवा!" खळ्यावरच्या बायका हसून तोंड फिरवायच्या. मग आतून खोकल्यासारखा आवाज यायचा. मी आत डोकावलं, तर ती भिंतीकडं वळलेली असायची.

आईला हे नियम पटत नव्हते. तिच्यापाशी मातीच्या बोळक्यात भिरंडेल होतं, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. टाचांच्या भेगा, भाजलेलं, फुटलेले ओठ, सगळ्याला ती तेच लावायची. बोळकं घेऊन ती दारात आली. "बाबा, लावू दे रे जरासं. पोरीची कातडी बघवत न्हाई मला."

"न्हाई आई. तेल चालत न्हाई."

"मी काय इख लावतेय व्हय तिला?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जानकी आतून म्हणाली, "अत्ती, ठेवा तितंच. बरी झाले की तुमच्याच हातानं लावून घेते." आई बोळकं घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. शेजारच्या एका बाईनं त्याच दिवसांत जानकीचा मोकळा गळा पाहून काहीतरी म्हटलं होतं. आईनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडून मंगळसूत्र मागून घेतलं, दोरा बदलला आणि जानकीच्या मनगटाला बांधलं. "आता बोल म्हनावं कोन बोलतंय ते," म्हणाली. त्यानंतर कुणी बोललं नाही.

यमी शिकत होती. लहान पोरं किती लवकर शिकतात! आधी ती रडली, मग रुसली, मग तिनं मान्य केलं. खोलीत यायची ती दोन्ही हात पाठीमागं बांधून. अव्वापासून जरा दूर बसायची. "बाऊ हाय न्हवं?" आपणच विचारायची, आपणच मान हलवायची. रात्रीची ती आजीच्या कुशीत झोपायला लागली. दाराशी आलेल्या शेजारच्या पोरांना ती बजावायची, "माज्या अव्वाला हात लावायचा न्हाई." किती शहाणी पोर, असं सगळे म्हणायचे.

परवा हीच यमी खानापूरहून आली होती, आपलं लेकरू कडेवर घेऊन. खळ्याच्या कडेला माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "अप्पा, अव्वा दिसायला कशी हुती वो? मला तिचं त्वांड आटवतच न्हाई." मी सांगितलं, सावळी होती, तुझ्याएवढीच उंच, हसली की नाकाला वळी पडायची. ती ऐकत होती. मला तिच्या मानेबद्दल सांगायचं होतं. कानामागचा तीळ, काळ्या कातडीखालून उगवलेली तांबूस कातडी, नव्या पानासारखी चकचकीत. जगात आता ती मान माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. पण ते सांगायला शब्द कुठून सुरू करावे ते कळेना, आणि तेवढ्यात तिचं लेकरू रडायला लागलं.

*

पौषात कातडी भरली. पापुद्रे आपोआप गळले, ओल सुकली. एके सकाळी मी दुपट्याचा तुकडा उचलला, तर तो कोरडा होता. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं होतं, तेव्हा ते म्हणाले, छान जपलंत, आता तेल लावायला हरकत नाही. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं हात पुसले, बोळक्यातलं भिरंडेल तळहातावर चोळून पातळ केलं आणि जानकीच्या मानेला लावलं. लावता लावता आई रडत होती. "मऊ झाली बाई, मऊ झाली," एवढंच म्हणत होती.

त्या दिवशी जानकीनं न्हाऊन घेतलं, कुंकू लावलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं. अंगणात बसून तिनं यमीला हाक मारली.

"ये बाळा. आता बाऊ न्हाई."

यमी आली. समोर उभी राहिली, हात पाठीमागं.

"ये की. गळ्यात पड अव्वाच्या."

यमीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जा यमे, आता चालतंय." तिनं एक बोट पुढं केलं, अव्वाच्या खांद्याला टेकवलं आणि उचललं. टेकवलं आणि उचललं. मग ती आजीकडं पळून गेली.

रोज जानकी बोलवायची. गूळ दाखवायची, काजू भाजून द्यायची. पोर यायची, खायची, बोलायची, हसायची. मिठी मात्र मारायची नाही. ती सवयच तिच्या अंगातून निघून गेली होती. माघात जानकीला खोकला लागला. फाल्गुनात दम लागायला लागला. दवाखान्यात परत नेलं, तर डॉक्टर या वेळी नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मानेतलं दुखणं गेलं होतं. ते छातीत उतरलं होतं. तिथं शेक देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परत आल्यावर मी एकदा यमीला रागानं ओढत जानकीपाशी घेऊन गेलो. जानकीनं मला थांबवलं.

"वढू नका तिला."

"अगं, पन..."

"ऱ्हाऊ दे. सवय मोडली ती बरंच झालं म्हना. फुडं तिला माज्याबिगार ऱ्हायाचं हाय. आताच निम्मं शिकून झालंय तिचं." एवढं बोलून तिला धाप लागली. मी यमीचा हात सोडला. ती धावत बाहेर गेली. जानकी दाराकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला कळलं, की हे बोलणं तिनं माझ्यासाठी तयार ठेवलं होतं. तिला स्वतःला ते मुळीच पटलेलं नव्हतं.

चैत्रातली ती दुपार. रानात काजूची बोंडं पिकलेली, सगळ्या गावाला त्यांचा आंबूस वास. जानकी ओसरीवर उजव्या कुशीवर पडली होती, डोळे मिटून. मी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. यमी परड्यातून खेळून आली. अव्वाला झोपलेली पाहून थबकली. जवळ गेली. वाकून पाहिलं. मग हळूच मागच्या बाजूनं घोंगडीवर आडवी झाली आणि डाव्या कानाखाली मानेत तोंड खुपसलं.

जानकीचे डोळे उघडले. समोर मी होतो. तिनं पापण्यांनीच मला सांगितलं, हलू नका. ती स्वतःही हलली नाही. तिला खोकला येत होता, तो तिनं कसा दाबला ते तिचं तिला ठाऊक. गळ्याची शीर फुगत होती. हात उचलून पोरीला जवळ घेतलं नाही, तिनं दचकू नये म्हणून. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

थोड्या वेळानं यमी आपली आपणच उठली आणि बोंडं वेचायला परत पळाली. जानकी खूप खोकली. मी पाणी पाजलं. श्वास जागेवर आल्यावर तिनं विचारलं, "अवो, तिनं गाल ठेवला न्हवं हितं?"

"व्हय."

"मला त्या बाजूला कायच कळत न्हाई. नवी कातडी आली तवापास्नं. केस लागलं हनवटीला, तेवढं कळलं. गाल गरम हुता का गार हुता?"

मी तर दारातून पाहिलं होतं.

मी उठलो. परड्यात यमी झाडाखाली बसून ओंजळीत बोंडं मोजत होती. मी वाकून तिच्या गालाला तळहात लावला. नीट लावला, पूर्ण. तिनं वर पाहिलं. "काय अप्पा?"

"काय न्हाई, खेळ."

परत येऊन जानकीपाशी बसलो. "गरम हाय," मी म्हणालो. "घामेजलाय. बोंडाचा रस लागलाय, चिकट झालाय जरा."

जानकीनं माझा तो हात घेतला. घट्टे पडलेला, चिरलेला, सलोमीबाईंनी मानेला लावू नका म्हणून बजावलेला हात. कुशीवरून जरा वळून तिनं तो उजव्या बाजूला मानेत धरला, जिथं तिला कळत होतं तिथं, आणि डोळे मिटून घेतले.